बिघाड

खानोलकरांनी बाहेर येऊन आपल्याच घराची बेल दाबली. ती खणखणीत वाजली. "आले हो!" म्हणणारी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

इंजिनिअरची नोकरी सांभाळून कॉलनीतल्या बत्तीस घरांना त्यांनी बेल बसवून दिली होती, नुसत्या चहावर. आता आठवडा आठवडा त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. बिघाड बेलमध्येच निघावा, अशी त्यांची फार इच्छा होती.

"कोण आलंय?" समोरच्या तांबोळीवहिनींनी डोकावून विचारलं.

"कुणी नाही. बेल चालते का ते पाहिलं," ते ओशाळून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बेल वाजली. "आलो, आलो!" करत खानोलकर लुंगी सावरत धावले. दारात वहिनी, बोट अजून बटणावरच.

"चालते की!" त्या म्हणाल्या. "पण रोज तपासायला हवी, भाऊजी."