तिसऱ्या हाकेआधी

आक्काच्या मसाल्याच्या कारखान्यात प्रत्येक संगणक जोडणीचं दार उघडून घ्यायला मुख्य यंत्राला, त्यावर काम करणाऱ्या माणसाच्या आवाजात हाक मारी. आक्काने त्या यंत्राला दरडावून ठेवलेलं, "तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. भूत एकदाच हाक मारतं."

तिचा लेक दत्तू जाऊन वर्ष झालं, तरी त्याचा संगणक रोज एकदाच म्हणे, "आये, दार उघड."

"आक्का, कुणी चोर त्याचा आवाज उचलून आत घुसू बघतोय. जोडणी तोडू?" इंजिनियर केतकीने विचारलं.

"तोड! माझ्या लेकाचं सोंग आणतो, मुडदा!"

केतकीचं बोट बटणावर गेलं, तोच हाक आली.

आक्काच्या तोंडून निघूनच गेलं, "ओ, बाळा. ये."

मालकिणीचा शब्द मानून यंत्राने दार उघडलं. मग एकेक करत सगळ्या संगणकांतून दत्तूच बोलू लागला, "आये, आलो."