मध्ये उभे राहणारे

"कोयते, कुऱ्हाडी, काठ्या, सगळं विहाराच्या ओट्यावर आणून टाका," कुंडलिक हवालदार म्हणाला. "जबाबदारी माझी."

वस्तीतलं कुणी हललं नाही. कसं हलणार? बहात्तरच्या दुष्काळात ह्याच वस्तीनं खणलेली सरकारी विहीर. दोन वर्षांनी वस्तीतल्या बायांनी तिच्यात पोहरा सोडला, तर गावातल्या टग्यांनी वस्ती पेटवायची भाषा केली. तेव्हापासून पुरुषमाणसं पाळीपाळीनं पहाऱ्याला उभी होती.

मग सोलापूरहून फौजदार आले, बार्शीचे पोलीस आले, राखीव दलाचा ट्रक आला. वैरागच्या रस्त्यावर तीन तंबू पडले. फौजदार म्हणाले, दोन्हीकडची हत्यारं जमा करा, मग आम्ही मध्ये उभे राहतो.

हे वस्तीच्या गळी कुणी उतरवायचं? कुंडलिकनं. तो फौजेतला निवृत्त हवालदार, निळी टोपी घालून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोला जाऊन आलेला.

"फौजदाराचं काय जातंय?" बजाबाई कडाडली. पाण्याला पहिली तिचीच सून गेली होती. "कोयता दिल्यावर आमी काय लाटणं घिऊन लढायचं?"

"आत्या, ऐक की. तितंबी असंच व्हतं. दोन टोळ्या एकमेकींच्या जिवावर उठल्याली. आमी सात देशांचं जवान. कुणाची भाषा कुणाला कळंना, पर मधी उभं ऱ्हायलो. लोकांनी भालं आणून दिलं. आठ म्हैनं साधा दगूड पडला न्हाय."

"खरं?"

"व्हय."

दर रविवारी विहारात पंचशील तोच सगळ्यांकडून म्हणून घ्यायचा. खोटं बोलणार नाही, हेही त्यातच आलं. त्याच्या एका 'व्हय'वर वस्ती विरघळली. बजाबाईनं पहिला कोयता टाकला.

"माझ्या नातवंडांचा जीव हाय ह्यात, कुंडलिका."

"माझीबी तीन लेकरं हितंच झोपत्यात."

ओझी बांधताना तो मनाशी एकच घोकत होता. तिथं सात देश, सात साहेब. गोळी झाडायची तर जो तो आपापल्या देशाला विचारायचा. इथं आपलंच सरकार, आपलेच पोलीस. इथं तसं व्हायचं नाही.

दिवस कलताना तो हत्यारांची बैलगाडी घेऊन तंबूंकडे गेला. बार्शीचा तंबू नव्हताच. राखीव दल ट्रकमध्ये सामान चढवत होतं.

"बार्शीला मंत्र्यांचा दौरा आहे, ते गेले," फौजदार म्हणाले. "ह्यांना वरून बोलावणं आलंय. आम्हीही आता निघू. ज्याला त्याला आपापला हुकूम, हवालदार."

"आन् गावातली हत्यारं?"

"उद्या आणून देतो म्हणालेत."

कुंडलिकनं हात जोडले. "मग आमची तरी माघारी द्या, सायेब. पाया पडतो."

"पंचनाम्याची माणसं बसलीत. हत्यारं आता सोलापूरलाच जाणार." फौजदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरता काय एवढे? एवढा मोठा अनुभव तुमचा. तिकडं तुम्ही निघून आल्यावर तरी काय झालं?"

"ठावं न्हाय," कुंडलिक म्हणाला. "आमी निघालो तवा लोक ट्रकला लोंबकळलं व्हतं. त्यांचं हात आमीच बुटानं सोडवलं."