पलटणीचा कोट

आरमोरीच्या मनकर्णाबाईचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत कामी आला. घरी आला तो त्याचा लोकरी कोट. बाईनं तो धुऊन पेटीत ठेवला, कुलूप घातलं. दर साली पावसाळा संपला की ती त्याला ऊन दाखवी, कडुलिंबाचा पाला अन् डांबरगोळ्या बदली. तरी तेरा वर्षं कसर अगदी शिस्तीत लागायची: फक्त कॉलरला आणि काखेत.

रफू करून करून मुखरू शिंपी वैतागला. "बाई, कसर घामावर येते. हा कोट जो कोनी घालून राह्यला, त्याले सांगा ना, घातला का धूत जाय म्हनून."

घरी येऊन मनकर्णाबाईनं डांबरगोळ्या फेकल्या, पेटीत साबणाची नवी वडी ठेवली आणि कुलूप घातलं.

पुढल्या साली कोट शाबूत निघाला. वडी अर्धी झाली होती.