नदीपलीकडचा संघ

"मग नदीपलीकडचं कॉलेज कुठल्या विभागात जाणार?" चहाची किटली हातातच धरून बायडाक्कानं विचारलं.

कॉलेजच्या मैदानाला लागूनच तिची टपरी. विद्यापीठ कबड्डीचे विभाग नव्यानं पाडणार, या बातमीवर पोरांनी सकाळपासून तिथं बैठक मारली होती.

"ते पूर्वेला, आपण पश्चिमेला. आता त्यांच्याशी सामनाच नाही, आक्का. सुटलो! दरवर्षी हरवायचे मेले."

"हरायचं तुम्ही आणि मेले ते?" ती फणकारली, पण दोन बाकडी फिरून परत आली. "नक्की का रे? कागद आलाय?"

"कागद नाही, पण ठरल्यात जमा."

बायडाक्काच्या मनाविरुद्ध लग्न करून लेक नदीपलीकडं गेली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. तरी दर सामन्याला लेक समोरच्या बाजूला बसायची, मांडीवर पोर घेऊन. नात केवढी झाली, ते बायडाक्काला तेवढंच दिसायचं.

तिनं किटली खाली ठेवली. "पलीकडं जाणारी एसटी किती वाजता असते रे?"

"तिकडं काय काम काढलं, आक्का?"

"दरवर्षी जिंकतात कशी ती पोरं, बघून येते. तुम्हाला तर आजवर कळलं नाही."