टिचबटण

तिसऱ्यांदा बटण दाबलं. पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली.

कॉम्प्युटरचे सुटे भाग आणून मी आयुष्यात पहिल्यांदाच जोडणी केली होती, तीही आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. चाळीस वर्षं ब्लाउज शिवून तिची नजर गेल्यातच जमा होती. मोठ्या स्क्रीनवर तरी तिला वाचता यावं, म्हणून हा खटाटोप.

"ती शेवटची पट्टी बसली नाहीये गं," आई खाटेवरून म्हणाली.

"तुला दिसतंय का तिथून?" मी वैतागले.

"दिसायला कशाला पाहिजे? टिचबटण बसलं की टिच वाजतं. तुझ्या पट्टीचं एकच टोक वाजलं."

वीज बंद करून मी मेमरीची पट्टी चाचपली. एक टोक केसभर वर होतं. मोडेल या भीतीनं मी जोरच लावला नव्हता. आई चाचपडत आली, कात्रीनं घट्टे पडलेला अंगठा माझ्या बोटावर ठेवून तिनं दाबला. टिच. वीज चालू करून मी पुन्हा बटण दाबलं. या वेळी स्क्रीन उजळली.

संध्याकाळी मी पेपर उघडून अक्षरं वांग्याएवढी केली. आईनं सवयीनं नाक स्क्रीनला टेकवलं.

"मागे सरक. लांबून दिसेल."

"एवढी मोठी कशाला? गल्लीला वाचून दाखवायचंय का?" म्हणत तिनं स्टूल मागे घेतलं आणि दोन वर्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी बातमी वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत. माझे सगळे फ्रॉक ज्यानं कापले, त्या अंगठ्याकडे मी बघत राहिले.

"आता ऊठ, जेव," स्क्रीनवरून नजर न काढता ती म्हणाली. "सकाळपासून तुझ्या ताटाचा आवाज आलेला नाही."