लिस्बनला काय खायचं

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लेकीने फुरकान आणि झिनतला एप्रिलात लिस्बनला बोलावलं होतं. चौक गावच्या आपल्या ढाब्यावर रश्श्यात मीठ टाकता टाकता फुरकान फोनवर तिथली हॉटेलं निवडत होता. “हे नदीकाठचं बघ गं, नुसती मासळी!” “तुमाला आवडंल ते घ्या.” झिनत दरवेळी हेच म्हणायची. रोजच्यासारखा त्याने तिला रस्सा चाखायला दिला. “बरोबर हाय.” मग त्याने चाखला, थुंकून टाकला. मीठ दोनदा पडलं होतं. “कधीपासून गं?” “पावसाळ्यातल्या तापापासून. कशाचीच चव लागत नाय.” “आणि बोलली नायस?” “तुमी हौसेने बघत होतात.” रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. “मग नको जायला,” फुरकान म्हणाला. “जाऊ की. तुमी जेवा, मला सांगा कसं लागतं.” फुरकानने रस्सा पुन्हा चाखला. “हा खारट लागतोय.” झिनत रश्श्यात टाकायला बटाटे सोलू लागली.