सोनारीचा नवस

"तुजी कूस उजवू दे म्हणून भैरवनाथाला नवस बोलून येते," असं सुनेला सांगून बनाबाई सकाळच्या एस्टीनं सोनारीला म्हणून निघाल्या. त्यांची पाठ वळताच शशिकलानं परांड्याचा दवाखाना गाठला. दिवस गेल्याचं तिनं घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं. डी.एड.ला नंबर लागला होता, लेकरू आत्ता नको होतं.

"पाडायचंय ना? मग त्या बाईंशेजारी बसा. त्याबी त्यासाठीच आल्यात," नर्स म्हणाली.

बाईंनी तोंडावरचा पदर सारला आणि शशिकलाच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आत्याबाई, तुम्ही?"

बनाबाई तिच्या पोटाकडं बघतच राहिल्या. "सासू पोटुशी आन् सून कोरडी, असं लोक तुला हिणवतील, त्या भ्यानं आले व्हते गं म्या."

आतून हाक आली, "चला, पहिली कोण?"

दोघींपैकी कुणीच उठेना.